प्रकृती कशी आहे?

(आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात ज्येष्ठ सभासदांच्या सभेपुढे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी वृद्धापकाळातील आरोग्यावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही त्यांस प्रथम हेच विचारले की, सभागृहात आपल्याच ज्ञातीचे दोन-तीन डॉक्टर बसलेले असताना हा विषय एका निवृत्त शाळामास्तराच्या गळ्यात कशासाठी? आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; त्यावर अध्यापनाची पदविका आणि तीसाहून अधिक वर्षे खडू व फळा. चिटणीस म्हणाले, "डॉक्टर रोगाविषयी बोलतील, आपण माणसाविषयी बोला." हा भेद आम्हांस पटला, आणि म्हणून आज आम्ही औषधांविषयी एक अक्षरही न बोलता एका साध्या प्रश्नाविषयी बोलणार आहोत. तो प्रश्न आपण दिवसातून दहा वेळा विचारतो व दहा वेळा ऐकतो. प्रकृती कशी आहे?

आमच्या नागपुराकडे हाच प्रश्न "काय म्हणते तब्येत?" असा विचारतात, जणू तब्येत ही घरात राहणारी कोणी तिसरीच व्यक्ती आहे आणि तिचे म्हणणे आपण पुढे कळवावयाचे आहे. उत्तरेही ठरलेली असतात. "ठीक आहे." "चाललं आहे." "वयमानाप्रमाणे बरी आहे." विचारणारा उत्तराकडे लक्ष देत नाही आणि उत्तर देणाराही विचार करून बोलत नाही. तथापि ज्यास आपण निव्वळ शिष्टाचार समजतो, त्या प्रश्नास शास्त्रज्ञांनी मोठा मान दिला आहे. मुंबईस देवनार येथे १९५६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. या संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील पंचेचाळीस वर्षे व त्यावरील वयाच्या ७२ हजारांहून अधिक माणसांची पाहणी केली. तिचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाहणी करणाऱ्यांनी वजन केले, रक्तदाब मोजला, हाताच्या मुठीचा जोर यंत्राने पाहिला. आणि इतकी यंत्रे जवळ असूनही त्यांनी प्रत्येकास हेही विचारले की, एकंदरीत आपली प्रकृती आपणांस कशी वाटते? फार चांगली येथपासून फार वाईट येथपर्यंत पायऱ्या ठेवून त्यांतील एक निवडावयास सांगितले.

यंत्र हाती असता माणसाच्या वाटण्यास काय किंमत, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर कॅनडा देशातील मॅनिटोबा प्रांतातून मिळाले. तेथे १९७१ मध्ये तीन हजारांहून अधिक वृद्धांस हा प्रश्न विचारला गेला, आणि पुढील सहा-सात वर्षांत कोण जगले व कोण गेले याचा हिशोब ठेवून तो १९८२ मध्ये प्रसिद्ध करण्यात आला. ज्यांनी आपली प्रकृती वाईट म्हटले होते, त्यांच्या मृत्यूचा धोका उत्तम म्हणणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. वय, पुरुष की स्त्री, इस्पितळातील नोंदी, हे सर्व जमेस धरल्यानंतरही हा फरक शिल्लक राहिला. म्हणजे कागदावर सारखे आजारी असलेल्या दोघांपैकी ज्यास आतून बरे वाटत नव्हते, तो लवकर गेला. पुढे १९९७ मध्ये अशा सत्तावीस अभ्यासांचा एकत्र विचार झाला आणि त्यांतील बहुतेकांत हेच दिसून आले.

यात चमत्कार काही नाही. मागील दिवाळीस माळ्यावरचा डबा आपण स्वतः काढला होता व यंदा नातवास सांगावे लागले. पूर्वी चार वाजता आपोआप लागणारी भूक आता लागत नाही. जिन्याच्या मधल्या पायरीवर हल्ली हात कठड्याकडे जातो. या गोष्टी कोणत्याही तपासणीच्या कागदावर येत नाहीत, परंतु ज्याच्या देहात त्या घडतात त्यास त्या ठाऊक असतात, आणि "कशी आहे?" असे विचारल्यावर तो नकळत या सर्वांची बेरीज करून उत्तर देतो.

मात्र ही बेरीज नेहमीच बरोबर येते असे नाही. शाळेत आम्ही मुलांस सांगत असू की उत्तराखाली मापाचे एकक लिहा, नाहीतर उत्तरास अर्थ नाही. प्रकृतीच्या उत्तरासही असेच एकक असते आणि ते प्रत्येकाचे निराळे. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये एका लेखात याचे मोठे बोलके उदाहरण दिले. आपल्या देशात आयुर्मान सर्वांत अधिक ते केरळात. बिहारात ते पुष्कळ कमी. परंतु "मी आजारी आहे" असे सांगणारे केरळात अधिक आणि बिहारात कमी! केरळातील माणूस शिकलेला, दवाखाना त्याच्या जवळ. म्हणून त्यास आपली व्याधी व्याधी म्हणून ओळखता येते. ज्याने सभोवती सर्वांचेच गुडघे दुखताना पाहिले, तो गुडघेदुखीस रोग न म्हणता म्हातारपण म्हणतो.

सेन यांनीच दाखविलेले दुसरे उदाहरण येथे बसलेल्या भगिनींनी विशेष लक्षपूर्वक ऐकावे. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये कलकत्त्याजवळील सिंगूर येथे आरोग्याची पाहणी झाली. तीत विधुरांपैकी शेकडा ४८.५ जणांनी आपण आजारी आहोत किंवा प्रकृती जेमतेम आहे असे सांगितले. विधवांपैकी असे सांगणाऱ्या किती? शेकडा २.५! त्या काळच्या बंगाली विधवेचे जेवण, तिचे उपास आणि तिचे कष्ट ध्यानी आणले म्हणजे या आकड्याकडे पाहून हसावे की रडावे ते कळत नाही. तिला दुखत नव्हते असे नव्हे. आपले दुखणे हे सांगण्याजोगे असते, हेच तिला कोणी शिकविले नव्हते.

हे बंगालचे व जुने म्हणून सोडून देता येत नाही. महाल भागातील आमच्या ओळखीच्या एक वृद्ध काकू "मला काय धाड भरली आहे?" असेच उत्तर नेहमी देत. दररोज दुपारी ताट घेऊन तांदूळ निवडीत. पुढे सुनेच्या ध्यानात आले की काकूंचे डोळे ताटाकडे नसतातच. त्या खडा बोटांनी चाचपून काढतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रिया झाल्यावर काकूंनी प्रथम विचारले की, समोरच्या भिंतीस हा रंग केव्हा दिला? रंग देऊन तीन वर्षे झाली होती. डोळे गेले हे त्यांना कळले नव्हते असे आम्हांस वाटत नाही. त्यांनी ते "वय झाले" या खात्यावर मांडले होते, इतकेच.

हे "वय झाले" नावाचे खाते मोठे विलक्षण आहे. त्यात काहीही जमा करता येते आणि त्याची तपासणी कोणी करीत नाही. धाप, बहिरेपण, रात्री चारदा उठणे, उदासी, सारे त्यात खपते. अमेरिकेतील ओहायो प्रांतातील ६६० माणसांचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या दृष्टीने पाहणारी माणसे वाईट दृष्टीने पाहणाऱ्यांपेक्षा सरासरीने साडेसात वर्षे अधिक जगली, असे त्यात आढळले. "आता आमचे काय राहिले" हे वाक्य आपण नम्रतेने उच्चारतो. परंतु ते ऐकणारे पहिले कान आपलेच असतात.

आता सवयींकडे वळू. आमच्या मते सवयींचे दोन परिणाम होतात. पहिला देहावर, तो सर्वांस ठाऊक आहे. दुसरा आपण स्वतःस कसे मोजतो त्यावर, आणि तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. खर्ऱ्याचेच घ्या. विदर्भाबाहेरील पाहुण्यांसाठी सांगतो की सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात, तो खर्रा. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, परंतु पानठेल्यावर घोटण्याचा आवाज काही थांबला नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी जवळजवळ चतुर्थांश लोक धूर न करणारी तंबाखू सेवन करणारे निघाले. आमच्यासमवेत एक शिक्षक होते. कविता शिकवावी तर त्यांनी. खड्या आवाजात, चालीवर म्हणून दाखवीत. खर्ऱ्याची पुडी खिशात असे. सुपारीने गालाच्या आतील त्वचा हळूहळू ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. त्यांचे तसे झाले. प्रथम भाकरी गेली, मग पोळीचा घास लहान झाला, मग वरणभात आवडू लागला. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत ते कविता स्वतः म्हणेनात, वर्गातील एका मुलाकडून म्हणवून घेत. आणि या सर्व काळात प्रकृती विचारली की उत्तर एकच असे: "उत्तम!" ते खोटे बोलत नव्हते. दर महिन्यास थोडे थोडे आखडत गेलेल्या तोंडाबरोबर त्यांचे मोजमापही आखडत गेले होते. पुढे त्यांस टाटांच्या इस्पितळात मुंबईस न्यावे लागले. त्यानंतरचे आम्ही येथे सांगत नाही.

याच्या उलट एक गंमत पाहणी करणाऱ्यांस नेहमी आढळते. ज्यांनी बिडी किंवा मद्य सोडले आहे, असे लोक पुष्कळदा ते चालू ठेवणाऱ्यांपेक्षा आपली प्रकृती अधिक वाईट सांगतात. पानठेल्यावरील पंडित यावरून लगेच सिद्धान्त काढतील की सोडल्यानेच प्रकृती बिघडली! आमच्याच शेजारच्या एका गृहस्थांनी हा युक्तिवाद आम्हांस मोठ्या गंभीरपणे ऐकविला आहे. वस्तुतः क्रम उलटा असतो. बहुतेक लोक छातीत कळ आल्यावर किंवा डॉक्टरांनी डोळे वटारल्यावर सोडतात. आधी आजार, मग त्याग. आजार होण्यापूर्वी सोडणारे थोडे, म्हणून आकडा असा फसवा दिसतो.

हाच काटेकोरपणा फिरण्याच्या बाबतीतही ठेवला पाहिजे. रोज फिरणारे वृद्ध आपली प्रकृती चांगली सांगतात, हे बहुतेक पाहण्यांत दिसते. परंतु फिरल्यामुळे बरे वाटते, की बरे वाटते म्हणून फिरावयास जातात? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर दोन्ही खरे आहे. तरीसुद्धा नियमित हालचालीने म्हाताऱ्या पायांत बळ येते, तोल सावरतो, पडण्याचा धोका कमी होतो आणि झोप सुधारते, हे निराळे प्रयोग करून पाहिले गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेला सल्ला असा की आठवड्यास निदान १५० मिनिटे बेताची हालचाल करावी, आणि पासष्टीपुढील माणसांनी त्याखेरीज तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत. यास काही मोठी सामग्री लागत नाही. अंबाझरी आहे, फुटाळा आहे, सेमिनरी हिल्स आहे, महाराजबाग आहे. आसने शिकावयाची तर रामनगरात जनार्दनस्वामींनी स्थापन केलेले योगाभ्यासी मंडळ आहे. तेथे शिकून साठीनंतर प्रथमच मांडी घालून जेवावयास बसू लागलेले लोक आम्ही पाहिले आहेत. मात्र स्कूटरवरून फुटाळ्यास जाणे, दोनशे पावले टाकणे आणि मग तर्री-पोह्यांच्या गाडीपुढे पाऊण तास देशाचे राजकारण करणे, यास आम्ही फिरणे म्हणत नाही. अर्थात त्या पाऊण तासातील गप्पा काही अगदीच वाया जात नाहीत. त्याविषयी पुढे येईलच. १९९५ मध्ये मुंबईस एका डॉक्टरांनी पाच माणसे जमवून हास्यक्लब सुरू केला आणि आता बागोबागी वृद्ध मंडळी हात वर करून हसतात. आम्हांस ते हसणे थोडे कवायतीसारखे वाटते. परंतु तेथे सकाळी साडेसहाला दहा जण आपली वाट पाहतात ही गोष्ट खोटी नव्हे.

आमच्याच आळीतील दोन भगिनी घरात असता गुडघ्यांमुळे दुसरा मजला चढत नाहीत; पण पचमढीच्या महादेवाची यात्रा निघाली की डोंगर चढून येतात आणि आठ दिवस कोणास गुडघ्याचे नावही सांगत नाहीत. यावरून त्यांचे दुखणे खोटे ठरविणारे शहाणे असतात. दुखणे खरेच असते. परंतु चढावयास कारण असले म्हणजे तेच दुखणे मोजताना लहान भरते.

आहाराविषयी डॉक्टरमंडळी सांगतीलच. मीठ दिवसास पाच ग्रॅमच्या आत ठेवावे, एवढे आम्ही सांगतो. आणि आपल्या ताटातील लोणचे, पापड व चिवडा यांची बेरीज करून पाहावयास विनवितो. सावजीचे जेवण महिन्यातून एकदा गोड वाटते, आठवड्यातून तीनदा नव्हे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा वृद्धांस तहान लागण्याची जाणीवच मंद झालेली असते. म्हणून तहानेची वाट न पाहता घड्याळाकडे पाहून पाणी, ताक किंवा पन्हे घ्यावे. दुपारी कूलरपुढे तीन तास झोपून रात्री झोप येत नाही अशी तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जाऊ नये.

आता या प्रश्नाची एक अपुरी बाजू सांगावयास हवी. रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीही वाटत नाही. येथे "बरे वाटणे" हा साक्षीदार सपशेल निरुपयोगी होतो. "मला काही होत नाही, मग मोजू कशाला?" असे म्हणणाऱ्यांची संख्या आपल्या मंडळात थोडी नाही, आणि गोळ्या सुरू केल्यावर बरे वाटते म्हणून त्या परस्पर बंद करणारेही आहेत. सरकारने २०१७ च्या अखेरीस रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम आरंभिला, त्यात महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचे भंडारा आणि वर्धा होते. मोजणे, गोळी देणे आणि पुढील महिन्यास माणूस न आला तर त्यास बोलावून आणणे, एवढीच त्याची रीत. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. इतरांचे आरोग्य पाहणाऱ्या डॉक्टरासही स्वतःच्या दिनचर्येचा हिशोब आजार झाल्यावर मांडावा लागला, मग आपली काय कथा?

परंतु सर्वांत फसवे उत्तर कोणते, असे कोणी विचारील तर आम्ही म्हणू, दूरध्वनीवरचे. आपल्या किती घरांतील मुले पुण्यास, बंगळुरास, अमेरिकेस आहेत ते मंडळाच्या सभासदसूचीवर नजर टाकली तरी कळते. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, धंतोली, कोठेही जा. चार खोल्यांचे घर आणि त्यात दोन म्हातारी माणसे, कोठे कोठे एकच. रविवारी रात्री मुलगा विचारतो, "बाबा, तब्येत कशी आहे?" बाबा म्हणतात, "एकदम फर्स्ट क्लास!" रजा त्यास नाही, विमानाचे भाडे परवडत नाही, मग त्याच्या जिवास घोर कशाला लावावा, असा त्यामागे विचार असतो. ही माया आहे, हे आम्ही जाणतो. परंतु मॅनिटोबाच्या पाहणीत ज्या उत्तराने पुढील सात वर्षांची कुणकुण दिली, तेच उत्तर येथे मायेपोटी निरर्थक होते. म्हणून परगावच्या तरुणांस आमचे सांगणे आहे की "कशी आहे?" हे विचारूच नका. आज कोठपर्यंत गेला होता? सकाळी काय जेवला? दिवसभरात कोण भेटले? असे विचारा. ज्या घरात तिसऱ्या प्रश्नास तीन रविवार "कोणी नाही" असे उत्तर येईल, तेथे रजेची वाट न पाहता यावे.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आमच्या काही सूचना आहेत. आपण दरवर्षी पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या सभासदांस शाल व श्रीफळ देतो, खुर्चीवर बसवितो, ताटही तेथेच आणून देतो. सत्कार अवश्य व्हावा. परंतु त्याच दिवशी त्यांच्याकडून एक काम मागून घ्यावे. कोणी हिशोब जाणतात, कोणास संस्कृत येते, कोणी पाटा-वरवंट्यावरची चटणी अशी करतात की तिला जोड नाही. मंडळाच्या विद्यार्थी वसतिगृहात अशा माणसांची निकड आहे आणि त्या माणसांसही सकाळी बाहेर पडावयास कारण हवे आहे.

दुसरे असे की लग्नसराई वगळता हे सभागृह सकाळी कुलूपबंद असते. ते सहा ते आठ उघडावे. एक सतरंजी, रक्तदाबाचे एक यंत्र व एक वही एवढीच सामग्री लागेल. वहीत प्रत्येक येणाऱ्याचा रक्तदाब लिहावा आणि त्यापुढे "आज कसे वाटते" हेही त्याच्याच शब्दांत लिहावे. वर्षाअखेरीस दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचले तर आमच्या या भाषणापेक्षा अधिक शिकावयास मिळेल. जो आठ दिवस आला नाही, त्याच्या घरी कोणीतरी जाऊन यावे. भगिनींसाठी वेळ निराळी ठेवावी लागली तर ठेवावी. विशेषतः एकट्या राहणाऱ्या भगिनींस नुसते परिपत्रक न पाठविता शेजारच्या भगिनीने हाताशी धरून आणावे, आणि त्यांच्या डोळ्यांची तपासणी मंडळाने वर्षातून एकदा येथेच करवावी.

यंत्राच्या खर्चाविषयी चिटणिसांनी आत्ताच आमच्याकडे पाहून हात हलविला. त्यास उत्तर म्हणून आम्ही आमचे घरचे यंत्र येत्या सोमवारी घेऊन येऊ. किल्ली तेवढी कोणाकडे राहील, ते अध्यक्ष महाराजांनी सभा संपण्यापूर्वी सांगावे.